नदीपलीकडचा दवाखाना

७ मार्च २०१६

सू,

सलाम. अक्षर ओळखलं असशील, तर फाडायच्या आधी निदान अर्धं पान वाच. सत्तावीस वर्षांनी पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असं तुला वाटेल. कुणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत. मीसुद्धा.

पत्ता नोरिहानने मिळवून दिला. माझी मुलगी. तू आपलं हे नदीतलं बेट सोडलंस तेव्हा ती पाळण्यात होती, आता शाळेत शिकवते. तिने फोनवर तुझ्या मुलीला कुठूनतरी हुडकून काढलं. तुझा नंबरही दिला. मी दोनदा लावला. दोन्ही वेळा तू "कोण बोलतंय?" म्हणालास आणि मी ठेवून दिला. आवाज जाड झालाय तुझा. तिकडे तवाऊच्या हवेत मीठ जास्त आहे की काय?

लिहायला तसं विशेष काही नाही. आपली बोटी बांधायची शेड अजून उभी आहे. आत बोट मात्र नाही. शेवटची बोट सहा वर्षांपूर्वी पाण्यात सोडली, त्यानंतर कुणी लाकडाची मागितली नाही. तरी मी रोज सकाळी जाऊन बसतो. देरमान येतो. आठवतो ना? फळी वाकवायला जाळ धरायचा आणि दरवेळी स्वतःच्याच भुवया जाळून घ्यायचा, तो. भुवया आता आपोआपच गेल्यात.

गेल्या आठवड्यात गंमत झाली. आमच्या सरकारी दवाखान्यातली मिसी रोसनानी, म्हणजे नर्स, मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा करून गेली. साठीपुढच्या सगळ्या पुरुषांची तपासणी. साखर, रक्तदाब, रक्त, लघवी, सगळं फुकट. वर येणाऱ्याला नासी दागांगची न्याहारी, नारळाच्या दुधातला भात आणि मासा. सकाळी नऊ वाजता गावच्या हॉलमध्ये एकवीस बायका आणि पुरुष एकही नाही! बायका नवऱ्यांची नावं घालायला आलेल्या. नवऱ्यांपैकी कुणाला जाळं विणायची आठवण झाली, कुणाची बकरी सुटली. मी आणि देरमान शेडमधल्या लाकडांच्या ढिगामागे जाऊन बसलो.

देरमान कुजबुजला, "डॉक्टर बोट घालून तपासतो म्हणे."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? नाकात!"

तेवढ्यात दारातून रोसनानीचा आवाज आला. "पाकचिक एम्बोंग, पाकचिक देरमान, तुमच्या चपला बाहेर दिसताहेत हं."

"चपलाच आहेत!" देरमान आतून ओरडला. "माणसं नाहीत!"

सू, कित्येक वर्षांत एवढा हसलो नव्हतो. तू असतास तर तूही आमच्या शेजारी बसला असतास. नाही, तू नसतास बसला. तू रांगेत पहिला असतास. तू तसलाच होतास.

एक विचारायचं होतं. तू त्रेसष्टचा झाला असशील. तुला रात्री लघवीला किती वेळा उठावं लागतं? सहज विचारतोय. देरमानला हवं आहे.

एम्बोंग


११ एप्रिल

सू,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. मीही पाठवलं नसतं.

काल शेडमध्ये बसलो होतो आणि कुणीतरी बाहेर हातोडा मारत होतं, कुंपणाचा खांब असावा. मला वाटलं आपणच आहोत. तू बोटीच्या आतून, मी बाहेरून. लाकडी खुंटी ठोकायची म्हणजे दोघांचे घाव एकाआड एक पडायला हवेत, एकदा तुझा, एकदा माझा. चुकलं की आयाह बोलायचे नाहीत, नुसते हातातलं काम थांबवायचे. त्या शांततेची आपल्याला केवढी भीती! शिव्या देणारा बाप परवडला असता. कागदावर एक रेघ न काढता साठ फुटी बोट उभी करायचा हा माणूस. डोळ्यांनी मापायचा. गिऱ्हाईक विचारायचं, नकाशा कुठंय? आयाह स्वतःच्या कपाळावर बोट ठेवायचे.

आणि आजारी कधी म्हणून नाही. ताप आला तर म्हणायचे, ऊन लागलं. खोकला आला तर म्हणायचे, भुसा गेला. नदीपलीकडच्या दवाखान्याविषयी त्यांचं एकच म्हणणं. तिथे माणूस चालत जातो आणि आडवा परत येतो. आपण लहानपणी या वाक्यावर हसायचो. पुढे मी तेच वाक्य माझ्या मुलीला ऐकवायला लागलो, ते कधीपासून, ते मला सांगता येणार नाही.

देरमानची बातमी आहे. त्याच्या पायाला ठेच लागली होती. आठ आठवडे फडकं बांधून हिंडला. विचारलं की म्हणायचा, भरतंय, भरतंय. एक दिवस त्याच्या शेजारी बसवेना इतका वास यायला लागला. तेव्हा त्याच्या सुनेने फडकं सोडलं आणि किंकाळी फोडली. साखर. किती वर्षांपासून होती कुणास ठाऊक. घोट्यापासून पाऊल काढलं. मी भेटायला गेलो तर पडल्या पडल्या म्हणतो कसा, "एम्बोंग, आता बाहेर एकच चप्पल दिसेल. रोसनानीला म्हणावं, ओळख बघू."

मी हसलो. बाहेर आलो आणि पायऱ्यांवर बसून राहिलो.

माझं बरं आहे. सलमाह उगाच मागे लागली आहे. तिला माझ्या सारोंगवर लाल डाग दिसला. मी सांगितलं, लाल ड्रॅगन फळ खाल्लं की लघवी लाल होते, सगळ्या जगाला माहीत आहे. ती म्हणाली, "खरंय. पण ड्रॅगन फळ घरात आलंच नाही."

"बाजारात खाल्लं."

"बाजारात तुम्ही नाकाला पदर लावल्यासारखे जाता आणि मासे घेऊन येता. चाळीस वर्षांत तुम्ही बाजारात उभ्याने काही खाल्लेलं मी ऐकलं नाही."

एवढं बोलून तिनेही आयाहसारखं हातातलं काम थांबवलं.

एम्बोंग


९ मे

सू,

गेलो. सलमाहने नाही नेलं, नोरिहानने नाही. देरमानने नेलं म्हणायचं. कुबड्या घेऊन तो माझ्या पायऱ्यांशी आला आणि म्हणाला, "मला ड्रेसिंगला जायचंय, सोबतीला चल." दवाखान्याच्या दारात पोचल्यावर त्याने मोठ्याने सांगितलं, "रोसनानी, चपलेतला माणूस आणलाय बघ."

डॉक्टर म्हणजे एक मुलगी. आपल्या नोरिहानच्या वयाची, डोक्याला फिकट निळा रुमाल. मला तिथेच परत फिरावंसं वाटलं. अशा पोरीपुढे हे सगळं कसं बोलायचं? पण तिने माझ्याकडे न बघताच, लिहिता लिहिता, एकेक प्रश्न विचारला. रात्री किती वेळा? धार अडते का? जळजळ? रक्त? मी मान हलवत राहिलो. तू हसशील, पण त्या मुलीने मला बोलायला लावलं नाही, त्याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे. बोटाची तपासणीही झाली. आतून एका वयस्क पुरुष डॉक्टरला बोलावलं तिने. अर्धा मिनिट. अर्ध्या मिनिटासाठी मी दोन वर्षं पळत होतो. हो, दोन वर्षं. मार्चमध्ये तुला विचारलं ते देरमानसाठी नव्हतं.

मग तिने विचारलं, "पाकचिक, वडील कशाने गेले?"

मी म्हणालो, "म्हातारपणाने."

"वय काय होतं?"

"अडुसष्ट."

तिने कागदावर वर बघितलं, जिथे माझं वय लिहिलं होतं. अडुसष्ट. आणि पेन खाली ठेवलं. "शेवटी काय त्रास होत होता त्यांना? आठवतंय?"

मला आठवत नाही म्हणालो.

सगळं आठवतं, सू. घरी येऊन दोन दिवस झाले, तेच आठवतंय. रक्त घेतलंय, आकडा यायचाय. आकड्याची भीती नाही. दुसऱ्याच गोष्टीची आहे. ती पुढच्या पत्रात लिहीन.


१२ मे

पुढचं पत्र लिहायला तीन दिवस लागले. अजून एक दिवस थांबलो तर लिहिणारच नाही.

जानेवारी १९८९. आपल्याकडच्या वाऱ्यापावसाचे दिवस. नदी फुगलेली, तुला आठवतं. आयाहची कंबर चार महिने दुखत होती. बोमोहने मंतरलेलं पाणी दिलं होतं. शेवटी दोन दिवस लघवीच झाली नाही. पोट ढोलकीसारखं ताठ. तू पलीकडून मोठी होडी आणलीस, दोन माणसं आणलीस, उचलून नेऊ म्हणालास. आयाहनी ओसरीचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "मी जाणार नाही." सगळं गाव अंगणात. मी पायऱ्यांवर आडवा उभा राहिलो. म्हणालो, "ते नको म्हणतात म्हणजे नको. मोठा मी आहे." तू मला ढकललंस, मी तुला ढकललं. तू चिखलात पडलास. उठलास आणि होडी घेऊन गेलास. पण लांब गेला नाहीस. पलीकडच्या बर्फाच्या कारखान्याच्या धक्क्याला होडी लावून बसलास. ते मला दिसत होतं. सगळ्यांना दिसत होतं.

इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज झाल्यावर आयाहनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी गेला होता. म्हणाले, "एम्बोंग. सूला सांग, होडी आण. जातो मी."

मला फक्त देरमानला पाठवायचं होतं. पाव तासाचं काम. मी म्हणालो, "पाणी उतरू दे, आयाह."

पाणी एवढं नव्हतं. त्याच सकाळी देरमान पलीकडे जाऊन तांदूळ घेऊन आला होता. खरं कारण सांगतो. आदल्या दिवशी गावादेखत मी मोठा म्हणून उभा राहिलो होतो. आता तुला बोलवायचं म्हणजे त्याच गावादेखत तू खरा आणि मी खोटा. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत थांबू. लोक आपापल्या घरी जातील. मग बोलावू.

दुपारी त्यांनी विचारलं, "आला?"

मी म्हणालो, "निघालाय."

कुणी निघालं नव्हतं. कुणाला सांगितलंच नव्हतं. दुपार कलली आणि असरच्या बांगेआधी ते गेले.

तू दफनाला आलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "तू मारलंस त्यांना." मी सत्तावीस वर्षं लोकांना सांगत आलो, धाकट्याने बापाच्या मातीवर माझा अपमान केला, म्हणून बोलत नाही. लोकांना पटायचं. मलाही पटायचं, कित्येक दिवस.

तू गेलास ते हे समजून, की आयाहनी माझं ऐकलं, तुझं नाही. तसं नाही, सू. त्यांनी तुझंच ऐकलं. ऐकलं नाही ते मी.

एम्बोंग


२२ जून

सू,

रोजे चालू आहेत. या वर्षी मला डॉक्टरांनी मनाई केलीय, त्यामुळे मी सलमाहच्या पाठीमागे स्वयंपाकघरात चोरासारखा पाणी पितो. आयुष्यात पहिल्यांदा. तुला आठवतं, तू आठ वर्षांचा असताना शेडच्या मागे नारळ फोडून प्यायलास आणि तोंड पुसायचं विसरलास? आयाहनी काही न बोलता तुझ्या हनुवटीवरचं खोबरं उचललं आणि स्वतःच्या पानात ठेवलं, संध्याकाळसाठी. तू ढसाढसा रडलास. मार बसला असता तर रडला नसतास.

आकडा आला. मग मोठ्या दवाखान्यात सुईने तुकडे काढून तपासले. कर्करोग आहे. प्रोस्टेटचा. त्या शब्दाला नोरिहान रडली, सलमाह रडली नाही. तिने डॉक्टरना विचारलं, "बोलायचं नंतर. करायचं काय ते सांगा." गाठ अजून बाहेर पसरलेली नाही म्हणतात. ईदनंतर काढून टाकणार. दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर कदाचित एवढंही करावं लागलं नसतं. डॉक्टर हे रागावून नाही म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

आयाहचं सगळं सांगितलं मी त्यांना. कंबर, पोट, दोन दिवस. ते म्हणाले, खात्री कुणी देणार नाही, पण बहुधा हेच असावं. मग विचारलं, भाऊ किती? म्हणालो, एक, धाकटा. म्हणाले, बापाला, भावाला असेल तर धोका वाढतो. त्याला सांगा. लवकर सांगा.

म्हणून हे पत्र. आधीची चार पत्रं माझ्यासाठी होती, हे तुझ्यासाठी आहे. मला माफ करू नकोस. शिव्या दे, पत्रं जाळ, माझं नाव मुलांना सांगू नकोस. पण जाऊन रक्त दे. एक नळी रक्त. तू तर आपल्यात शहाणा होतास. तुला सांगावं लागू नये.

एम्बोंग


२७ ऑगस्ट

सू,

परवा तू मधेच फोन ठेवून दिलास म्हणून उरलेलं लिहितो.

ऑपरेशन होऊन महिना झाला. मी बरा आहे. या वेळी हे खरं आहे. लघवी अजून ताब्यात नाही, लहान मुलासारखं बांधून हिंडावं लागतं. देरमान म्हणतो, "माझं पाऊल गेलं, तुझा नळ गेला, दोघांचा मिळून एक माणूस होईल." कॉफीच्या टपरीवर आम्ही दोघे आता हे मोठ्याने बोलतो. मागच्या आठवड्यात टपरीवरचे चौघे रोसनानीकडे गेले. लाजत लाजत, एकेकटे, पण गेले.

तुझ्या बायकोचा, हस्नाहचा फोन आला तेव्हा मला आवाज परका वाटला. थोरल्या दिराला हाक मारावी तशी ती म्हणाली, "अबांग एम्बोंग, मी तुम्हाला पाहिलेलं नाही. पण तुमची पाचही पत्रं यांच्या डब्यात आहेत, जेवणाच्या. रोज कामावर घेऊन जातात. वाचलं का विचारलं तर हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत."

"रक्त दिलं त्याने?"

"कसलं रक्त! घरात तिघांना ताप आला तर तिघांना दवाखान्यात ओढत नेतात. स्वतः कधी नाही. गेल्या वर्षीपासून रात्री चार चार वेळा उठतात. म्हणतात, वारा बाधतो."

मागून तुझा ओरडा ऐकू आला. मग फोन तुझ्या हातात आला. आधी आपण बोलायची आपल्या दोघांनाही सवय नव्हती.

तू विचारलंस, "आयाहनी खरंच बोलावलं होतं?"

"बोलावलं होतं."

"काय म्हणाले? जूसोह असं पूर्ण नाव घेतलं, की सू म्हणाले?"

"सू म्हणाले."

सत्तावीस वर्षांत मी तुझं रडणं ऐकलं नव्हतं. अजून तसंच आहे, नाकातून. मी फोन कानाला धरून बसून राहिलो. सलमाह चहा ठेवून गेली. तो गार झाला.

मग मी चूक केली. तुझ्या रक्ताची आठवण काढली. आणि तू झटक्यात म्हणालास, "मला काय धाड भरलीय? मी जाणार नाही." आणि ठेवून दिलास.

सू, मला राग नाही आला. मी खुर्चीतून उठलो, कारण तो आवाज तुझा नव्हताच. ओसरीतून आला होता तो, खांबापाशी बसलेल्या माणसाचा. शब्दसुद्धा तेच. तू ज्या माणसाला उचलून न्यायला होडी आणलीस, तोच तू झालायस, आणि तुला पत्ता नाही. मी झालो होतो, मलाही नव्हता.

तेव्हा आता हे ऐक. भांडायचं असेल तर समोर भांड.

नोरिहानने तिकीट काढलंय. डॉक्टरना विचारून काढलंय. मंगळवारी, सहा सप्टेंबरला, मी तवाऊला उतरतो. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतोय, तेही लंगोट बांधून, तेव्हा विमानतळावर हसायचं असेल तर तुझ्या मुलांना आधीच हसून घ्यायला सांग. हस्नाहला सांग, चिंच घातलेलं माशाचं कालवण केलं तर खाईन, तिखट नको. कुर्बानीची ईद तुमच्याकडेच करीन.

बुधवारी सकाळी आठला तुझ्या तिथल्या दवाखान्यात नाव घातलंय. तुझं. हस्नाहने घातलंय, मी सांगितलं म्हणून. तू खांब धर, दाराला कडी लाव, गावाला गोळा कर. मी पायऱ्यांवर उभा राहीन, पण या वेळी आडवा नाही. तुझा हात धरायला. गावादेखत तू मला चिखलात ढकललंस तरी मी उठेन आणि पुन्हा हात धरीन. अडुसष्ट वर्षांचा माणूस आहे, टाके ताजे आहेत. जरा बेताने ढकल.

तुझा अबांग,
एम्बोंग